वाव्हळ सर आणि बिननावाचा वीर

१७ ऑक्टोबर. पाचवीचे पेपर तपासून झाले, पोषण आहाराचा तांदूळ उतरवून घेतला, स्वयंपाकघराच्या पत्र्याचं गळकं भोक बुजवून घेतलं. आता एकच काम राहिलं आहे, फळ्याचा मजकूर. शाळेच्या कुंपणाशी आम्ही जो वीरगळ उभा केला, त्याच्या शेजारी लावायचा पत्र्याचा फळा, तीन फूट बाय दोन. पेंटर उद्या सकाळी सातला येणार. त्याच्या हातात चार ओळी द्यायच्या.

गणिताच्या बाईला चार ओळी लिहायला किती वेळ लागावा? शाळा सुटल्यापासून बसले आहे. या चार ओळींवरून गावात दोन वर्षं भांडण चाललं, आणि ज्यांनी त्या लिहायच्या ते वाव्हळ सर दोन महिन्यांपूर्वी गेले.

हिवरदरा शिरूर कासारपासून अकरा किलोमीटर. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बदलून आले त्या पहिल्या दिवशी, गावात शिरताना, रस्त्याच्या कडेला एक टकला माणूस उकिडवा बसलेला दिसला. समोर शेंदरानं लडबडलेला कमरेएवढा दगड. माणसाच्या हातात खिशात मावेल असा गोल आरसा होता आणि आरशानं तो दगडावर ऊन पाडत होता. मागून जाणारा एकजण ओरडला, "काय सर, भांग पाडायलाव का?" उकिडवा बसलेला माणूस मागं न बघता म्हणाला, "व्हय. दगडाचा."

तेच आमच्या शाळेचे चित्रकलेचे शिक्षक, सदाशिव वाव्हळ. तासाभरानं स्टाफरूममध्ये ओळख झाली. नमस्कार झाल्यावर पहिला प्रश्न, "बाई, तुमचं माहेर कोणतं? तिथं वेशीजवळ एकादा उभा दगड हाय का?" मी म्हटलं, असेल, मी कधी पाहिला नाही. त्यांनी खिन्न मान हलवली. मी एखाद्या परीक्षेत नापास झाले असावे असं मला वाटलं आणि राग आला.

वीरगळ म्हणजे काय हे मला त्यांनी शिकवलं, म्हणजे मला शिकावंच लागलं, कारण माझ्या तासाला पोरं दगडाजवळून उशिरा यायची आणि सगळ्यांचे हात मातीचे. एकदा मी जाब विचारायला गेले, तर सर सहावीच्या वर्गाला सांगत होते, "ह्यो खालून वर वाचायचा. हितं खाली माणूस मरून पडलाय. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला उचलून न्यायलेत. समद्यात वर बसून तो म्हादेवाची पूजा करतोय. आन् ह्यो सूर्य, ह्यो चंद्र. ह्ये दोघं हायत तवर ह्याला इसरू नगा, म्हणून." एक मुलगी म्हणाली, "सर, पण ह्याचं नाव काय?" सर म्हणाले, "इसरले."

वर्ग हसला. मीही हसले आणि जाब विचारायचा राहिला.

खरं तर त्या वेळी आमच्या दगडावरचं हे काहीच दिसत नसे. शेंदराचा थर बोटभर जाड होता, आणि सर पोरांना दाखवत ते वहीतल्या दुसऱ्या गावच्या वीरगळाच्या चित्रावरून. हिवरदऱ्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. टोळीचं वाहन निघायच्या आधी प्रत्येक घरची बाई या दगडाला, त्याला ती इरोबा म्हणते, तेल-शेंदराचं एक बोट लावते, आणि चार-पाच महिन्यांनी परत आल्यावर दुसरं. वर्षानुवर्षांच्या जाण्यायेण्याचा तो थर होता.

सर बौद्ध वस्तीतले. ते इरोबाला हात जोडत नसत. १४ एप्रिलला निळा फेटा बांधून मिरवणुकीच्या पुढं चालत आणि १५ ला सकाळी पुन्हा सायकलवरून दगडापाशी हजर. ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाची आई कौसाबाई त्यांना चिडवायची, "सर, तुमी हात जोडत न्हाई, मग रोज रोज कावून येता आमच्या देवाकडं?"

"बगायला येतो, कौसाबाई. बगायला हात मोकळे लागत्यात."

"आमी शेंदूर लावतो तर तुमचं चित्र बुजतं, व्हय?"

"लावा, लावा. शेंदराखाली दगड झिजत न्हाई. तुमीच राखलाय त्याला."

हे ते गोड बोलायचं म्हणून बोलत नव्हते. त्यामागं एक जुनी चूक होती, आणि ती ते दर नव्या शिक्षकाला, विचारलं नाही तरी, सांगत. नोकरीच्या पहिल्या वर्षी अंबाजोगाईकडच्या एका खेड्यात असाच शेंदराचा गोळा त्यांना सापडला. वय तेवीस. आत काय आहे ते बघायचंच, म्हणून दुपारी सगळे शेतात असताना त्यांनी खुरप्यानं थर सुटा केला. ढलपी निघाली, आणि ढलपीला चिकटून वीराचं तोंडही निघालं. दगड आतून भुसभुशीत झाला होता, शेंदरानंच तो धरून ठेवला होता. एक म्हातारी पाणी घेऊन येत होती. तिनं ते पाहिलं, हंडा खाली ठेवला आणि एवढंच म्हणाली, "मास्तर, आमचा देव सोलला तुमी."

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," सर म्हणत. "तिनं हंडा उचलला आन् गेली. बाई, मी एका माणसाचं तोंड काढलंय. त्यो आठशे वर्षं तोंड घेऊन उबा होता." त्यानंतर त्यांनी कुठल्याच दगडाला लोखंड लावलं नाही. आरसा, ओला रुमाल आणि सकाळचं तिरपं ऊन, एवढीच त्यांची हत्यारं. नऊनंतर दगड बघण्यात अर्थ नाही असं त्यांचं मत होतं. ऊन वर आलं की कोरीव सपाट दिसायला लागतं. त्यामुळे पहिल्या तासाला सर कधीच वेळेवर नसत, आणि मुख्याध्यापिका झाल्यावर मी सर्वांत आधी काय केलं असेल, तर चित्रकलेचा तास दुपारी टाकला.

त्यांच्या वह्या होत्या. दोनशे पानी, मेणकापडी पुठ्ठ्याच्या, नंबर घातलेल्या. उजव्या पानावर चित्र आणि 'दिसतं', डाव्या पानावर 'वाटतं'. दोन्हींची सरमिसळ त्यांना खपत नसे. एकदा मी वरून बघून म्हटलं, "ही घोडी छान आहे." त्यांनी वही माझ्याकडं वळवली. "घोडं हाय का घोडी, कशावरनं?" मी म्हटलं, "वाटलं." त्यांनी बोट डाव्या पानावर ठेवलं. "मग हिकडं." शाळेत कुणी कुणाविषयी काही सांगायला आलं की ते विचारत, "हे डावं पान हाय का उजवं?" चुगली करणारे शिक्षक त्यांच्या शेजारी बसायचे बंद झाले. मला ते सोयीचं झालं.

चहा ते 'अर्धा' मागत आणि दोनदा अर्धा पीत.

शाळेत संगणक आला त्या वर्षी मी त्यांना स्कॉटलंडमधले दगड शोधून छापून दिले. बाराशे-पंधराशे वर्षांपूर्वी तिथं पिक्ट नावाचे लोक होते, त्यांनी उभ्या शिळा कोरल्या. मासे, हंस, कुणालाच न ओळखता येणारं लांब सोंडेसारख्या तोंडाचं एक जनावर. आडव्या चंद्रकोरीवर मोडलेला बाण. सर दुपारची सुट्टी, सहावा तास आणि सातवा तास त्या कागदांवर वाकून होते. भाकरी तशीच डब्यात.

"चंद्र हाय," ते म्हणाले. "सूर्य दिसंना. बाण कावून मोडला असंल?"

"माहीत नाही."

"आन् हे? हा तर आरसा हाय!" एका शिळेवर खरंच गोल आरसा आणि शेजारी कंगवा कोरलेला होता. सरांनी खिशातला आरसा काढून कागदाशेजारी ठेवला. "आमच्यातला कोणतरी दिसतोय. कंगवा मात्र माझ्या कामाचा न्हाई. अर्थ काय देलाय, बाई?"

मी वाचून दाखवलं. काही जण म्हणतात ही माणसांची नावं असावीत, काही जण म्हणतात घराण्यांच्या खुणा. नक्की अर्थ कुणालाच माहीत नाही.

"असं लिवलंय? म्हायीत न्हाई म्हणून? छापून?"

"हो."

सरांनी तो कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "मोठी माणसं हायत," म्हणाले. मग कागद नीट घडी करत, "ती नावं निघाली तर मजाच हाय. तेंच्याकडं नावं कोरलीत आन् लढाई न्हाई. आपल्याकडं नाव तेवढं सोडून समदं कोरलंय."

सर निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी उन्हाळा भयंकर पडला आणि एप्रिलमध्ये आमच्या इरोबाचं शेंदराचं कवच आपोआप फुटून पडलं. लोहारानं भाता उघडावा तशी पोपडी दोन बाजूंना गळली. आत दगड ठणठणीत, काळा, कोरीव जवळजवळ तसंच्या तसं. सर बातमी ऐकून अनवाणी आले. तीन दिवस त्यांनी चित्र काढलं. सात गायी. एक माणूस, हातात लांब काहीतरी. त्याच्या पायाशी कुत्रं. समोर तिघं चाल करून आलेले.

आणि भांडण सुरू झालं.

माजी सरपंच आबासाहेब पेढे घेऊन शाळेत आले, सरांना तिथंच बोलावून घेतलं. "सर, ह्यो आमच्या घराण्याचा मूळ पुरुष. लढता लढता पडला. आमचे आजोबा सांगायचे. देवळाम्होरं कमान बांधतोय, तिथं ह्याला बसवू. तुमी फकस्त चार वळी लिवून सही करा. तुमचा शब्द तालुक्यात चालतो."

"लिवतो की," सर म्हणाले. "'आबासाहेबांचे आजोबा असे सांगत असत.' खाली सही करतो."

"म्हंजी आमचा आजा खोटा?"

"न्हाई वो. आजा साक्षीदार. साक्ष लिवायची, निकाल न्हाई."

आबासाहेब पेढ्यांचा पुडा उचलून घेऊन गेले. मी सरांना म्हटलं, निदान एकेक खाऊन मग बोलायचं.

ते सोपं होतं. अवघड होता मिलिंद. सरांची बहीण लवकर वारली, तिचा मुलगा सरांनीच वाढवला. सरांनी लग्न केलं नाही. मिलिंद बीडच्या कोर्टात वकिली करतो, हुशार आहे, आवाज मोठा आहे. सरांच्या बोलण्यात दिवसातून दहा वेळा 'आमचा वकील' यायचा. तो बीडहून आला, दगड पाहिला आणि वस्तीतल्या तरुणांना घेऊन सरांच्या ओट्यावर बसला. मी हजेरीपत्रकांवर सरांच्या अक्षरात नावं लिहून मागायला गेले होते, म्हणून ऐकलं.

"मामा, हातात तलवार नाही, काठी आहे. पायाशी कुत्रं आहे. गावाची राखण कोणाकडं होती? गुरं कोण सांभाळायचं? आपणच ना? गावासाठी मेला तो आपला माणूस, आणि आज त्याला त्यांच्या कमानीखाली नेतायत. तुम्ही लिहा. तुम्ही लिहिलंत की मी बघतो पुढचं."

"काठी हाय का भाला, टोक झिजलंय रं."

"तुम्हाला दिसत नाही, का दिसू द्यायचं नाही?"

सर उठले. चहा ठेवायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

तेवढ्यात रस्ता रुंद करायचं निघालं. दगड हलवणं भाग होतं. ग्रामसभेत आबासाहेब म्हणाले देवळापुढं, वस्ती म्हणाली विहाराच्या अंगणात. दोन तास झाले तेव्हा मी म्हटलं, शाळेच्या परसबागेतल्या भेंड्या काढा आणि तिथं ठेवा. शाळेत दोघांचीही पोरं आहेत, आणि दगडापासून ती जागा आठ फूटच लांब आहे. वरून परवानगी यायला पावणेतीन महिने लागले, पण आली.

एक गोष्ट मात्र गावभर झाली होती. दगडाचा दोन फूट भाग जमिनीत होता आणि तो कुणी पाहिला नव्हता. तिथं अक्षरं असणार, नाव असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दगड उचलायच्या दिवशी सकाळी सहालाच दीडशे माणूस जमलं. जेसीबीवाला म्हणाला, पाच मिन्टात काढतो. सर त्याच्या यंत्रापुढं जाऊन उभे राहिले. लोखंड लावायचं नाही. शेवटी लाकडी फळ्यांनी आणि हातांनी माती उकरली, गोणपाटं गुंडाळली, बांबूला दोर बांधले, आणि आबासाहेबांच्या घरची सहा आणि वस्तीतली सहा अशा बारा माणसांनी एकदम खांदा दिला. त्या पाच मिनिटांत 'अरं डावीकडं', 'अरं सांभाळ' याशिवाय कुणी कुणाला काही बोललं नाही.

दगड आडवा झाला. सर गुडघ्यांवर बसले, रुमाल ओला केला, माती पुसली. आरशानं ऊन पाडलं. एका बाजूनं. मग दुसऱ्या बाजूनं. मग पुन्हा पहिल्या.

छिन्नीचे ओबडधोबड घाव होते. बाकी काही नव्हतं.

मी त्यांच्या डोक्याजवळ उभी होते. जे दिसायचं ते कधीच दिसून झालं होतं, तरी सर आरसा हलवत होते. रुमाल पुन्हा ओला करून त्यांनी तीच जागा पुन्हा पुसली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की जमलेल्या दीडशे माणसांत नाव सापडावं म्हणून सर्वांत आसुसलेला माणूस हाच आहे.

"कोराच हाय की," आबासाहेब म्हणाले.

"मामा," मिलिंद पुढं आला. "कोरा आहे तर आता तुमचाच शब्द लेख. सगळं गाव आहे इथं. बोला."

"कोरा हाय म्हणून तर बोलायचं न्हाई, बाळा."

"मग कशाला एवढ्या वह्या भरल्या? जन्मभर दुसऱ्यांच्या देवाची राखण केलीत, मामा. आपल्या माणसाची वेळ आली तर मुके झालात."

तो मोटारसायकल काढून गेला. सरांनी रुमाल पिळला, घडी केली आणि म्हणाले, "तोंड पूर्वेला ठेवा. पयल्यासारखं." मिलिंद त्यानंतर मामाच्या घरी आला नाही. दिवाळीला नाही, जयंतीला वस्तीत आला पण सरांच्या ओट्यासमोरून गेला. 'आमचा वकील' हे शब्द सरांच्या तोंडून गेले. मी समजूत घालायला मिलिंदला एकदा फोन केला. तो म्हणाला, "बाई, तुम्ही गणित शिकवा."

शेंदराचा प्रश्न कौसाबाईनं सोडवला. नव्या जागी तिनं वीरगळाच्या पायाशी नारळाएवढा एक गोटा आणून ठेवला. "शेंदूर ह्याला लावू. ह्यो त्याला पोचवील." सरांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी गोट्याचंही चित्र काढलं.

श्रावणात त्यांची छाती भरली. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं. मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्यांनी उशाखालून एकतीस नंबरची वही काढून दिली. "डावं पान बगा."

उजव्या पानावर आमचा वीर होता. शेजारी: 'हातात लांब वस्तू. टोक झिजलेलं. काठी किंवा भाला.' डाव्या पानावर बारीक अक्षरात: 'वाटतं: हा आपलाच. आजा काठी अशीच धरायचा, मूठ खाली, अंगठा वर. आज्याला बघितल्यासारखं झालं. घरी येऊन जेवण गेलं नाही.'

"सर, मग बोलला का नाहीत?"

"मला वाटतं, म्हणून? वाटायचं काय, आबासाहेबालाबी वाटतंयच की. त्याच्या वाटण्याला मी सही देली न्हाई. मग माझ्या वाटण्याला कोण देणार?"

"निदान मिलिंदला सांगायचं."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यानं फळा करून लावला असता. वकील हाय त्यो." ते हसले, खोकला आला, पाणी दिलं. "आदी फळा होऊ द्या, बाई. तुमीच लिवा. रंग वाळू द्या. मग वही द्या त्याला."

"बरे झालात की तुम्हीच द्या."

"तुमी गणिताच्या," ते म्हणाले. "उगं कायबी बोलू नगा."

मी वही पिशवीत टाकली, सरांचा डबा शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईकडं दिला आणि निघाले. दारातून वळून पाहिलं. एका हाताला सलाईन. दुसऱ्या हातानं ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाला हवेत काहीतरी काढून दाखवत होते. "न्हाई न्हाई, मैलाचा दगड न्हाई वो. वर चंद्र-सूर्य असतो. तुमच्या गावात वेशीपाशी हाय का बगा." तो माणूस आठवायचा प्रयत्न करत होता.

१८ ऑक्टोबर. पेंटर सातला म्हणून साडेसातला आला. मी कागद दिला. 'हा वीरगळ आहे. गायी वाचवताना मेलेल्या माणसाची आठवण म्हणून तो उभा केला. त्याच्या हातात काठी किंवा भाला आहे, पायाशी कुत्रा आहे. त्याचं नाव, घराणं, जात दगडावर लिहिलेली नाही.'

"खाली कोणाच्या हस्ते टाकू?"

"कुणाच्याच नाही."

"जागा उरती ना मग, बाई."

"उरू दे."

आज पहिली टोळी निघत होती. ट्रॅक्टर रस्त्यावर उभा करून बायका गोट्याला शेंदूर लावायला आल्या. कौसाबाई म्हणाली, वाचून दाखवा. मी दाखवलं.

"नाव न्हाई व्हय?" ती म्हणाली. "असू द्या. आमाला तिकडं कोन नावानं वळखतंय? नवराबायकोला मिळून एक कोयता म्हणत्यात." बोट फडक्याला पुसून ती ट्रॅक्टरवर चढली.

मिलिंद सरांचं घर रिकामं करायला कालच गावात आला होता. फळा लागल्याचं त्याला कुणीतरी सांगितलंच असणार, कारण मी वस्तीत पोचले तेव्हा तो दारातच उभा होता. त्याआधी मी दोन तास फळ्यापाशी खुर्ची टाकून बसले होते, चाचणीच्या वह्या तपासत. दर वीस मिनिटांनी कोपऱ्यावर बोट लावून बघत होते. साडेदहाला बोटाला काही लागलं नाही.

"तुम्ही पण तेच लिहिलंत, बाई," तो म्हणाला.

मी डावं पान उघडून वही त्याच्या हातात दिली. त्यानं उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा वाचलं. मग वही काखेत धरून त्यानं उजव्या हाताची मूठ मिटली, अंगठा वर काढला आणि त्या अंगठ्याकडं बघत राहिला.

"हे कधी लिहिलं?"

"खाली तारीख आहे. बघ."

त्यानं पाहिली. कवच फुटलं त्याच आठवड्याची होती, ओट्यावरच्या भांडणाच्या आधीची.

"आणि मला आज देताय?"

"फळा वाळल्यावर द्या म्हणाले होते. आत्ता वाळला."

तो उंबऱ्यावर बसला. मला अकराला सातवीचा तास होता. मी निघाले.